तेहतीस इंचांची होडी

या मित्रांनो, जवळ या. दगडावर बसा, मुळांवर बसा, हवं तर माझ्या पाठीला टेका. मी पालथी आहे, आता कलंडणार नाही. मोबाइल खिशात जाऊ द्या आणि कान माझ्याकडे द्या. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ऐकताना माझ्या लाकडाला हात लागला आणि तो गार वाटला, तर दचकू नका. तो गारवा एका संध्याकाळच्या पाण्याचा आहे. चार उन्हाळे गेले, तरी माझ्या अंगातून तो गेलेला नाही.

मी एक लाकडी होडी आहे. जुनी म्हणावी एवढं माझं वय नाही. पण जी होडी आयुष्यात दोनदाच पाण्यात उतरली आणि मग कायमची पालथी पडली, तिला नवी तरी कोण म्हणेल? लांबी अकरा फूट, खोली सोळा इंच आणि रुंदी तेहतीस इंच. मला बेचाळीस इंचांची व्हायचं होतं. ते नऊ इंच कुठे गेले, आणि त्यांच्यापायी काय झालं, हीच माझी कथा.

माझा जन्म कोथरूडमधला. चारी बाजूंनी उंच इमारती झालेल्या एका गल्लीत बाळकाकांचं बैठं घर आहे. त्याच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली मी घडले. बाळकाका हडपसरच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. नोकरी संपली, पण कानामागची पेन्सिल गेली नाही. त्यांच्या पत्नी उल्काकाकू शाळेत गाणं शिकवत असत. या दोघांना एकच वेड होतं, कीर्तनाचं. शहरात कुठल्याही देवळात बुवा उभे राहोत, हे दोघं समोरच्या सतरंजीवर हजर. घरीसुद्धा मोबाइलवर कीर्तन चालूच. माझ्या फळ्या कापल्या गेल्या त्या झांजांच्या तालावर आणि जोडल्या गेल्या त्या नामाच्या गजरात. म्हणून माझी भाषा अशी, मित्रांनो. दुसरी काही मला कधी ऐकायलाच मिळाली नाही.

संपतदादा हे त्यांच्याकडे नेहमी येणारे सुतार. खडकवासल्याच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांची वाडी आहे. एकदा कपाटाची बिजागरी बसवता बसवता त्यांनी आपल्या आईची, सोजरबाईंची, गोष्ट सांगितली. वाडीसमोर पाण्यात एक टेकाड आहे आणि त्यावर दत्ताचं लहानसं देऊळ. फाल्गुनात पाणी उतरलं की तिथे चालत जाता येतं. पण दत्तजयंती येते मार्गशीर्षात, आणि तेव्हा टेकाडाला चहूकडून पाणी असतं. पूर्वी संपतदादांचे आजोबा, म्हणजे सोजरबाईंचे वडील, नाव चालवत. ते त्या दिवशी देवाला दिवा लावून येत. ते गेले, त्यांची नाव कुजली. तेव्हापासून वाडीचे लोक अलीकडच्या काठावर मांडव घालतात, कीर्तन करतात आणि टेकाडाकडे तोंड करून हात जोडतात.

"आईचं येकच म्हननं हाय, काका," संपतदादा म्हणाले. "डोळं मिटायच्या आधी एकडाव जयंतीच्या दिवशी तिथं दिवा लावायचा. बाकी ती काय मागत न्हाई."

बाळकाकांनी कानामागची पेन्सिल काढली. "होडी करू," ते म्हणाले.

"तुम्ही?" आतून काकूंचा आवाज आला. "तुम्हाला साधं स्टूल जमलं नव्हतं."

"स्टुलाला ड्रॉइंग नव्हतं."

झालं. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर कागद अंथरला गेला. मी प्रथम त्या कागदावर उतरले. बेचाळीस इंच रुंद, बुडाला सपाट, धीराची. संपतदादांनी चित्र पाहिलं आणि मान डोलावली. "ही बसायला चांगली हाय. ह्यात म्हातारं मानूस बी बिनघोर बसंल."

मित्रांनो, तिथेच माझी गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं!

मागच्या अंगणातून रस्त्यावर यायला घराच्या कडेची एकच बोळ होती आणि त्या बोळीत तुळशीवृंदावन होतं. वृंदावन आणि भिंत यांच्यामधली जागा बाळकाकांनी टेपने तीनदा मोजली. पस्तीस इंच. बेचाळीस इंचांची होडी पस्तीस इंचांतून कशी निघणार?

"वृंदावन जरा बाजूला घेता येईल," काका हळूच म्हणाले.

"कार्तिकात?" काकू म्हणाल्या. "तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलंय, आणि नवरीला म्हणायचं, सरक?"

"सरकवायचं कशापायी?" संपतदादा हसले. "होडी कुशीवर आडवी धरायची. दीड फुटाची वाट लागंल. सुटसुटीत निघंल भाईर."

साधी गोष्ट होती. पण काकूंचा चेहरा उतरला. "कुशीवर? देवाच्या कामाला निघालेली होडी घरातून कलंडलेली बाहेर काढायची? पहिलंच पाऊल असं? नको हो संपत, मनाला बरं वाटत नाही. ती सरळ निघाली पाहिजे. पालखीसारखी."

"काकू, लाकूड हाय ते."

"लाकूड आहे, पण निघालंय कुठे?"

हे बोलणं बाळकाकांना पटलं. पटलं म्हणजे काय, हृदयात गेलं. ते कीर्तनातले माणूस. त्यांनी खोडरबर घेतलं आणि माझ्या दोन्ही कडा पुसून आत सरकवल्या. "बेचाळीसचे तेहतीस," ते म्हणाले. "नऊ इंचांनी काय बिघडतंय?"

संपतदादांचं हसू मावळलं. "काका, नऊ इंचानं लई बिघडतंय. मंग ही बसल्या मानसाची ऱ्हाईल, उभ्याची न्हाई. ह्यात कुनी उभं ऱ्हायलं की ती गेलीच."

"अरे, उभं राहणार आहे कोण? पाण्यात काय फुगडी घालायचीये?"

सगळे हसले. मी कागदावरच होते, पण माझ्या कडांवरून ते रबर फिरलं तेव्हा मला कळलं, की माझ्यातलं काहीतरी काढून घेतलं गेलं आहे आणि ते कोणी तरी कधी तरी मागणार आहे. तेव्हापासून माझ्या मनात एकच धाक बसला. माझ्यात बसणाऱ्यांपैकी कोणी उभं राहू नये. बाकी मला कसलीच चिंता नव्हती, वाऱ्याची नाही की लाटेची नाही.

मग मी घडू लागले. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडच्या फळ्या आल्या. संपतदादांनी त्या कापल्या, कडेने भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने एकीला दुसरी चक्क शिवली, गोधडी शिवावी तशी. सांध्यांत चिकट द्रावण आणि लाकडाचा भुसा कालवून भरला. आतून सागवानी बरगड्या बसवल्या. रंध्याने कडा तासल्या. बाळकाका प्रत्येक बरगडी गुण्या लावून काटकोनात आहे का ते तपासत आणि काकू सांध्यांवरून बोट फिरवून "इथे खरखरतंय" असं सांगत. शेजारचा सलिल कंपनीत जाता जाता भिंतीवरून डोकावे. "काका, कोथरूडला समुद्र कधी येतोय?" बाळकाका वर न बघता म्हणत, "तुझ्या गाडीचा हॉर्न बंद झाला की निघायचं म्हणतोय."

एके दिवशी सोजरबाई मला बघायला आल्या. बहात्तरीच्या, काटक, पायात रबरी चपला, डोक्यावर पदर. त्यांनी माझ्या काठावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"लई निमुळती झालीया पोर," त्या म्हणाल्या.

"घरातून सरळ निघावी म्हणून केली, सोजरबाई," काकूंनी सांगितलं. "शुभ कार्याला निघायचंय ना तिला."

 मग सोजरबाई चपला काढून माझ्यात चढल्या आणि अंगणातच बसून दाखवलं. "हे बगा ताई. माझा बा म्हनायचा, नावंत चडलं की मानूस ऱ्हायचं न्हाई, धान्याचं पोतं व्हायचं. पोतं कुनाला रामराम करीत न्हाई. पोतं वळून बगत न्हाई. असं बसायचं."

काकू खळखळून हसल्या. "पोतं व्हायला मला वेगळं काही करायला नको!"

बाळकाका मात्र आत गेले, लाल रंग घेऊन आले आणि माझ्या आतल्या बाजूला सुबक अक्षरांत लिहिलं: 'तीनच माणसे. बसलेलीच. हुकुमावरून.' खाली ठिपका दिला. त्या ठिपक्याने मला जरा धीर आला.

तुळशीचं लग्न झालं आणि दहा-बारा दिवसांनी मी घराबाहेर निघाले. काकूंनी हळदकुंकू वाहिलं. चौघांनी मला उचललं, सरळ, कुठेही तिरकी न होऊ देता. वृंदावनाच्या बाजूने एक इंच, भिंतीच्या बाजूने एक इंच. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," त्या म्हणाल्या, "कशी पालखीसारखी निघाली." टेम्पोत मला दोरीने बांधलं. वाडीवर पोचल्यावर पाण्यात उतरवून एक फेरी मारली. बाळकाका मधे वल्ह्यांवर, काकू मागे, सोजरबाई पुढे. तिघंही बसलेले. मी सुरीसारखी पाणी कापत गेले. काठावर टाळ्या वाजल्या. किती कौतुक झालं माझं! वारा होता, थोड्या लाटाही होत्या. मी हललेसुद्धा नाही. संपतदादा काठावरून नुसते बघत होते. मला अशी ठाकठीक चाललेली बघूनही त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. ती एकटीच आठी माझ्याशी बोलत होती.

आणि मग तो दिवस आला.

मार्गशीर्षातली पौर्णिमा. काठावर मांडव घातला होता. कर्णे बांधले होते. बद्रीनाथबुवांचं कीर्तन होतं. मित्रांनो, जन्माचं कीर्तन तुम्ही ऐकलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. बुवा कथा अशी रंगवत नेतात की बरोबर सूर्य मावळायला देवाचा जन्म होतो. त्या क्षणी शंख वाजतो, फुलं उधळली जातात, आणि बसलेलं एकूणएक माणूस उठून उभं राहतं. म्हातारे काठी टेकत उठतात. लेकुरवाळ्या पोर खांद्यावर घेऊन उठतात. जन्मकाळाला कोणी बसून राहत नाही. तशी रीतच आहे.

ठरलं होतं ते असं: कीर्तन चालू असताना पलीकडे जायचं, दिवा लावायचा आणि जन्माच्या आधी मांडवात परतायचं. काकांनी तीन लाइफ जॅकेटं आणली होती. पण काकूंनी नवी इरकल नेसली होती. तिच्यावर ते नारिंगी जाकीट कसं घालायचं? आणि फळीवर बसून पाय दुखतात. मग तिन्ही जाकिटं आसनासारखी अंथरली गेली. संपतदादा म्हणाले, "काका, अंगात घाला की." काका म्हणाले, "दहा मिनिटांचं तर पाणी."

आम्ही टेकाडावर पोचलो. सोजरबाई देवळात गेल्या. पण देवळाला दार नव्हतं आणि वारा थेट गाभाऱ्यात येत होता. वात लागे आणि विझे. पुन्हा लागे आणि पुन्हा विझे. काका घड्याळ बघू लागले. शेवटी सोजरबाईंनी पदराचा आडोसा केला, दिव्याभोवती चार दगड रचले आणि दिवा टिकला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. लहान मुलीचा चेहरा होता तो. "बा, लागला रं," असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

परत निघालो तेव्हा ऊन डोंगराच्या शेंड्यावर होतं. बाळकाका भराभर वल्ही मारत होते. पाण्याचा रंग काळसर होत चालला होता. कर्ण्यांतून बुवांचा आवाज पाण्यावरून येत होता, स्वच्छ, जणू ते शेजारीच उभे होते. कथा शेवटाला आली होती. त्यांचा आवाज चढत होता आणि त्याबरोबर माझा धाक चढत होता. थांबा बुवा, मी म्हणत होते. जरा थांबा. आम्हाला काठाला लागू द्या. पण लाकडाचं कोण ऐकतं?

काठ शंभर-दीडशे हातांवर राहिला आणि सूर्य गेला.

शंख वाजला.

मांडवातली सगळी माणसं एकदम उठली. मागे बसलेल्या काकूंचं तोंड काठाकडेच होतं. त्यांना ती माणसं उठताना दिसली, आणि त्या उठल्या. त्यांनी ठरवलं नाही. साठ वर्षं शंख वाजला की हे पाय उठत आले होते, ते आजही उठले. डोळे मिटलेले, हात जोडलेले. आणि काकू उठलेल्या पाहून, पाठीमागचा गजर ऐकून, बाळकाकांनी वल्ही सोडली, काठाकडे वळले आणि तेही उभे राहिले. ज्या हातांनी माझ्या आत ती लाल अक्षरं लिहिली होती, ते हात जोडले गेले.

"बसा!" सोजरबाई ओरडल्या. "ताई, दादा, खाली बसा!"

मी डावीकडे झुकले. मी माझी सगळी ताकद लावली, मित्रांनो. पण माझ्याकडे ते नऊ इंच नव्हते. डाव्या काठावरून पाणी आत आलं. काकूंनी डोळे उघडले, आधाराला काकांचा हात धरला आणि दोघंही डावीकडेच गेली. आणखी एक क्षण, आणि मी तिघांवर पालथी होणार होते.

त्या क्षणी सोजरबाईंनी स्वतःला उजव्या काठावरून बाहेर पाण्यात टाकलं.

पडल्या नाहीत. टाकलं. दोन्ही हातांनी माझा उजवा काठ धरून त्या बाहेर लोंबकळल्या आणि सगळा भार खाली ओढला. पोत्यासारखा. मी गचकन परत सरळ झाले. काका आणि काकू माझ्या तळाशी, घोट्याएवढ्या पाण्यात आपटले. ते वाचले होते.

काकांनी त्यांना आत ओढायला हात घातला तशी मी उजवीकडे कलंडू लागले. "वढू नका मला!" सोजरबाई म्हणाल्या. "वल्ही मारा. म्या धरलंय." काकूंनी एक जाकीट त्यांच्या मानेखाली सारलं आणि माझ्या तळाशी आडवं पडून त्यांची मनगटं धरली. काका वल्ही मारू लागले. रडत होते आणि मारत होते. काठावर पाळणा सुरू झाला होता. डिसेंबरातलं पाणी, नऊवारी लुगडं, बहात्तर वर्षांचं अंग. माझ्या काठावर आठ बोटं होती. मी ती मोजत होते. दुसरं काही करणं माझ्या हाती नव्हतं.

"ताई, दिवा दिसतोय का?" सोजरबाईंनी विचारलं.

काकूंनी मान वर करून मागे पाहिलं. "दिसतोय हो, सोजरबाई. चांगला मोठा दिसतोय."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

गडबड ध्यानात आली तशी संपतदादांनी पाण्यात उडी टाकली. ते पोचले तेव्हा आठही बोटं माझ्या काठावर तशीच होती. ती एकेक करून सोडवावी लागली. नंतर डॉक्टर म्हणाले, थंडीने हृदय थांबलं. बुडाल्या नाहीत त्या. शेवटपर्यंत त्यांनी मला सरळ धरलं होतं.

इतकं सोसून माझी गोष्ट थांबायला हवी होती. पण याहून काळं पाणी पुढेच होतं.

काठावरच्या लोकांनी संधिप्रकाशात काय पाहिलं होतं? दोघं हात जोडून उभी आणि एक बाई बसलेली. मग एकच गलका. तेराव्याला आलेल्या बायका माझ्याजवळच उभ्या राहून बोलत होत्या. "जन्मकाळाला बसून ऱ्हायली गं. देवाच्या दारात जाऊन आली आन् हात बी जोडलं न्हाईत." "मंग दत्त सोडतोय व्हय?"

आणि बाळकाका? त्यांना पंचनाम्यात विचारलं, होडी कशी कलंडली? ते म्हणाले, "वारा आला." उभं राहिल्याचं त्यांच्या तोंडून निघालं नाही. संपतदादांनी एकदाच विचारलं, "काका, वारा व्हता का?" काका खाली बघत म्हणाले, "होता." संपतदादांनी मान हलवली आणि ते निघून गेले. मला ओरडायचं होतं. पण मी तर काठावर पालथी, तोंड मातीत. वर्षभर काठावर हीच गोष्ट फिरत राहिली. शाळकरी पोरं मला बघून सांगत, ही बघ, देवाच्या जन्माला न उठलेल्या बाईची होडी. एका भल्या बाईचं नाव माझ्या डोळ्यांदेखत बुडत होतं आणि या वेळी काठ धरणारं कोणी नव्हतं.

काकू कीर्तनाला जायच्या थांबल्या. अधूनमधून दोघं वाडीवर येत, माझ्यापाशी उभी राहत. एकदा काका कोणाला तरी पुन्हा तेच सांगू लागले. तो माणूस गेल्यावर काकू कोरडेपणाने म्हणाल्या, "वारा, वारा. अजून किती वर्षं वाहणार आहे हो तो?"

पुढची दत्तजयंती आली. पुन्हा मांडव, पुन्हा बद्रीनाथबुवा. बाळकाका आणि काकू समोरच्या सतरंजीवर येऊन बसली. संपतदादा मागे खांबाला टेकून उभे होते. मी इथूनच सारं ऐकत होते. कथा रंगली, आवाज चढला, सूर्य मावळला, शंख वाजला. सगळा मांडव उठला.

बाळकाका उठले नाहीत.

काकूही उठल्या नाहीत. उधळलेली फुलं त्या दोघांच्या डोक्यावर पडली, पण ती बसूनच होती. कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "अहो आजोबा, उठा, जन्म झाला!" बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "काका, पाय दुखतात का?" त्यांनी मायेने विचारलं.

"नाही बुवा," बाळकाका म्हणाले. कर्ण्यातून त्यांचा आवाज टेकाडापर्यंत गेला असेल. "पाय ठणठणीत आहेत. गेल्या वर्षी या वेळी मी उभा राहिलो होतो. होडीत. आम्ही दोघंही उभी राहिलो. वारा नव्हता. होडी आमच्या पायांनी कलंडली. सोजरबाई बसल्या होत्या, म्हणून होडी जातेय हे त्यांना वेळेवर दिसलं आणि त्यांनी स्वतःला पाण्यात टाकून ती सावरली. त्या उभ्या राहिल्या असत्या तर आज आम्ही कोणीच नसतो. मी वर्षभर खोटं बोललो. मला मेल्या माणसापेक्षा माझी लाज मोठी वाटली."

 ज्या बायका तेराव्याला बोलल्या होत्या, त्यांच्यातली एक पदर तोंडाला लावून खाली बसली.

संपतदादा माणसांतून वाट काढत पुढे आले. सगळ्यांना वाटलं, आता हा हात उचलतो. ते काकांच्या समोर बसले. "मला ठावं व्हतं, काका," ते म्हणाले. "तिघं बसल्याली आसली तर ती होडी वाऱ्यानं कलंडत न्हाई. म्या बनिवलीया ती. पर माझ्या एकट्याच्या सांगन्यानं कोन ऐकनार व्हतं? तुमच्याच तोंडून पायजे व्हतं मला. लई उशीर केलात."

"हो," काका म्हणाले. "केला."

 मग बुवांनी आयुष्यात कधी केलं नसेल ते केलं. गळ्यातला हार काढला, चिपळ्या बाजूला ठेवल्या, आणि ऐन जन्मकाळाला ते खाली जमिनीवर बसले. एकेक करून सगळा मांडव बसला. पाळणा त्या दिवशी बसून म्हटला गेला.

मित्रांनो, मी आता पाण्यात जात नाही. संपतदादा वर्षातून एकदा माझ्या पाठीला तेल लावतात.  मला माझ्या कारागिरांबद्दल राग नाही. त्यांनी मला प्रेमानेच अरुंद केलं, आणि भक्तीनेच ते माझ्यात उभे राहिले. म्हणून तर मला भीती वाटते. वाईट हेतूने चुकणारा माणूस निदान जपून चुकतो. तुम्ही कुठल्याही होडीत बसाल, तेव्हा जाकीट अंगात घाला, बुडाखाली नको. कारागीर म्हणेल की उभं राहू नका, तर देव समोर आला तरी उभे राहू नका. त्याला बसलेलं माणूसही दिसतं. आणि चूक झालीच तर ती वाऱ्यावर ढकलू नका. ती जिच्या अंगावर जाऊन पडते, तिला बोलता येत नसतं.

बाकी देवाच्या जन्माला शंख वाजला की जरूर उठा. तुम्ही जमिनीवर आहात. हात जोडा, फुलं उधळा, पाळणा म्हणा. फक्त उठता उठता एक क्षण तिची आठवण काढा, जी उठली नाही. तिचं नाव सोजरबाई.